परग्रहवासी भेटले तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला आलेली मंडळी शनीची कडी बघून झाली की हमखास या विषयावर येतात. मुलं लढाईचं विचारतात, मोठी माणसं सरकार काय लपवतं ते विचारतात आणि एखादे आजोबा 'मग देवाचं काय?' असं हळूच विचारून घेतात. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरांत माझी मतं आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

आजवर कुणाशी संपर्क झाला आहे का?

नाही. पडताळून खरा ठरलेला एकही संदेश नाही, यंत्राचा तुकडा नाही, साधा सूक्ष्मजीवही नाही. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणीने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांचा कानोसा घेतला, तेव्हापासून शोध चालू आहे. सर्वांत गाजलेला संकेत १५ ऑगस्ट १९७७ चा. ओहायोतल्या 'बिग इअर' दुर्बिणीने तो ७२ सेकंद टिपला आणि जेरी एहमन यांनी छापील कागदावर त्या आकड्यांभोवती लाल खूण करून शेजारी 'वॉव!' असं लिहिलं. त्या जागी नंतर कितीदा तरी शोधाशोध झाली, पण तो पुन्हा आला नाही. एकदाच येऊन गेलेल्या संकेतावर कुणीच छातीठोकपणे बोलू शकत नाही.

समजा उद्या संकेत मिळाला. पहिल्या दिवशी काय होईल?

दुर्बिणीवरचे लोक आधी स्वतःच्याच यंत्रावर संशय घेतील. वरून उपग्रह गेला का, जोडणी ढिली आहे का, जवळपास कुणाचा मोबाइल चालू राहिला आहे का. मग दुर्बीण ताऱ्यावरून जराशी बाजूला वळवतील. तरीही संकेत येतच राहिला तर तो ताऱ्याचा नाही, आपल्याच पृथ्वीवरचा गोंगाट आहे. मग पुन्हा ताऱ्यावर, पुन्हा बाजूला. हे दिवसचे दिवस चालेल. बाहेरून बघणाऱ्याला जांभया येतील असं काम आहे.

हा संशयी स्वभाव ठेच लागून आलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीत १९९८ पासून अधूनमधून रेडिओ लहरींचे विचित्र क्षणिक झोत नोंदले जायचे. उलगडा झाला २०१५ मध्ये. वेधशाळेतला मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना कुणी घाईने दार उघडलं की आतल्या लहरी क्षणभर बाहेर निसटायच्या, आणि दुर्बिणीचं तोंड नेमकं त्या बाजूला असलं तर ती त्या इमानेइतबारे नोंदवून ठेवायची. जेवण गरम करायची ही घाई उघडकीला यायला इतकी वर्षं गेली.

केंब्रिजचा किस्सा आणखी बोलका आहे. १९६७ च्या अखेरीस जोसेलिन बेल या चोवीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनी नेमाने येणारा एक संकेत दिसला. इतका नेम निसर्गात कुठला, म्हणून त्याचं गमतीने 'छोटी हिरवी माणसं' असं नाव पडलं. गंमत मागे पडून वरिष्ठांमध्ये गंभीर चर्चाही झाली, की खरंच कुणी असलं तर जगाला सांगायचं कसं? बेलबाई मात्र वैतागल्या होत्या. पीएचडी हातावेगळी करायची होती आणि या हिरव्या माणसांना बोलायला नेमकी त्यांचीच दुर्बीण सापडली होती! नाताळच्या सुमारास आकाशाच्या भलत्याच भागात तसलाच दुसरा संकेत मिळाला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन टोकांच्या दोन वस्त्या एकाच वेळी, एकाच पद्धतीने हाक मारतील हे अशक्य. तो ताऱ्याचाच एक नवा प्रकार होता, पल्सार. फेब्रुवारी १९६८ मध्ये शोधनिबंध छापून आला.

अशा वेळी कसं वागायचं याचे नियम आहेत का?

आहेत, पण ते कायदा नाहीत. इंटरनॅशनल ॲकॅडमी ऑफ ॲस्ट्रोनॉटिक्स या संस्थेने १९८९ मध्ये एक जाहीरनामा केला आणि २०१० मध्ये तो सुधारला. सार असं: आधी खात्री करा, इतर वेधशाळांकडून पडताळणी करून घ्या, खरं ठरलं की सगळ्या जगाला उघडपणे सांगा, संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना कळवा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर पाठवू नका. न पाळणाऱ्याला शिक्षा काहीही नाही. शास्त्रज्ञांनी एकमेकांना दिलेला शब्द एवढंच त्याचं वजन.

शोधाची बातमी किती मनावर घ्यायची हे सांगायला शून्य ते दहाची रिओ मोजपट्टीही आहे. वर्तमानपत्रवाले ती वापरत नाहीत, ही खेदाची गोष्ट.

सरकारं बातमी दाबून ठेवतील ना?

रेडिओ संकेताच्या बाबतीत ते जमणं कठीण आहे. पृथ्वी फिरते. पुण्याजवळच्या दुर्बिणीतून तारा मावळला की तो पुढे बघायला पश्चिमेकडच्या कुणाला तरी फोन करावाच लागतो. म्हणजे पडताळणी करायची तर चार देशांतल्या पन्नासएक लोकांना सांगणं आलं, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आहे.

अनुभवही तेच सांगतो. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या मंगळाच्या उल्केत जीवाश्मांसारखं काही दिसतंय ही बातमी १९९६ मध्ये ठरल्या दिवसाआधीच फुटली. नासाला घाईने पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि ७ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन स्वतः बोलले. प्रॉक्झिमा सेंटॉरी या आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडून आलासा वाटणारा एक संकेत पार्क्स दुर्बिणीने २०१९ मध्ये नोंदवला होता. तपासणी चालू असतानाच डिसेंबर २०२० मध्ये तो पेपरात आला आणि २०२१ मध्ये तो माणसाच्याच उपकरणांचा निघाला. माझं म्हणणं असं, की भीती गुप्ततेची कमी आणि अर्धवट शिजलेली बातमी बाहेर पडण्याची जास्त आहे.

संयुक्त राष्ट्रांनी परग्रहवासीयांसाठी राजदूत नेमला आहे हे खरं का?

नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रिटिश पेपरात तशी बातमी आली होती. मलेशियाच्या खगोलशास्त्रज्ञ मझलान ओथमान तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या अंतराळ कार्यालयाच्या प्रमुख होत्या, त्यांचं नाव घेतलं गेलं. त्यांनी हसत हसत इन्कार केला. व्हॉट्सॲपवर ती बातमी अजून फिरते.

लोक घाबरून सैरावैरा पळतील का?

इथे १९३८ चं उदाहरण सगळे देतात. ३० ऑक्टोबरला ऑर्सन वेल्स यांनी मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाटक अमेरिकन रेडिओवर बातमीपत्राच्या थाटात सादर केलं आणि म्हणे अख्खा देश रस्त्यावर आला. प्रत्यक्षात त्या रात्री झालेल्या पाहणीत तो कार्यक्रम ऐकणारे दोन टक्क्यांच्या आसपासच निघाले होते. घबराटीचा मोठा भाग दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत झाला. रेडिओ हा पेपरांचा जाहिरातींतला नवा प्रतिस्पर्धी, त्याचं नाक कापायची संधी कोण सोडणार?

खरी दुर्घटना झाली इक्वेडोरमधल्या कीटो शहरात, १२ फेब्रुवारी १९४९ ला. तिथल्या रेडिओने तेच नाटक स्थानिक गावांची नावं घालून वाजवलं. लोक खरोखर घाबरले आणि मग हे नाटक होतं असं कळल्यावर इतके भडकले, की जमावाने रेडिओ केंद्राची इमारत पेटवली. त्यात माणसं गेली. नीट बघा, आग भीतीतून लागली नाही. फसवल्याच्या रागातून लागली.

आपल्याकडचंही सांगतो. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब प्रयोगशाळा कोसळणार होती तेव्हा भारतात बरीच घबराट होती. तेव्हा शाळेत असलेल्या कुणालाही विचारा, चार किस्से मिळतील. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले आणि विषय संपला. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागला. मोबाइल, इंटरनेट नसताना ती बातमी दिवसभरात देशभर आणि परदेशातल्या देवळांपर्यंत पोचली. दोन्ही वेळा देश बंद पडला नाही. दूध मात्र वाटीवाटीने सांडलं.

मायकेल व्हार्नम या मानसशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. परग्रहावर सूक्ष्मजीव सापडल्याची बातमी वाचल्यावर लोकांना कसं वाटतं, असा विषय होता. भीतीपेक्षा चांगल्या भावनाच जास्त निघाल्या. आधी घोषणा, मग चार दिवस चॅनलवर चर्चा, मग क्रिकेट. बहुधा असंच होईल.

हिरवी माणसं नाहीत, नुसते जंतू सापडले तर?

शक्यता याचीच जास्त आहे. आणि गंमत म्हणजे तेव्हा 'सापडले' असा एक क्षण बहुधा नसेलच. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन (शिक्षण आपल्याच बनारसच्या आयआयटीत) यांच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत, पृथ्वीवर जे मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती तयार करतात अशा वायूच्या खुणा दिसतात. लगेच इतर गटांनी त्याच आकड्यांवर शंका काढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने मंगळावरच्या जेझेरो विवरातल्या खडकात जीवसृष्टीची 'संभाव्य' खूण असल्याचं जाहीर केलं. हा 'संभाव्य' शब्द बरीच वर्षं सोबत राहणार आहे.

या बाबतीत धीर कसा धरावा याचा धडा जयंत नारळीकरांनी घालून दिला. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असतील का, हे तपासायला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादहून मोठे फुगे सोडले आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. २००५ च्या उड्डाणातल्या नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या दोन संशोधन संस्थांत वेगवेगळी झाली. पृथ्वीवर आधी नोंद नसलेल्या तीन जिवाणूंच्या जाती मिळाल्या. एकीला आर्यभटाचं, एकीला इस्रोचं आणि एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं. एखाद्याने ढोल बडवले असते. पण २००९ मध्ये इस्रोने निकाल जाहीर करताना स्पष्ट लिहिलं, की यावरून ते बाहेरून आले असं सिद्ध होत नाही. ज्याला स्वतःला ती कल्पना मनापासून आवडत होती त्या माणसाच्या प्रयोगाबद्दल हे वाक्य आहे, हे लक्षात घ्या.

त्या जंतूंपासून आपल्याला रोग होतील का?

शक्यता कमी मानतात, कारण रोगजंतू आपल्या यजमानासोबतच घडत जातात. तरी काळजी घेतात. अपोलो ११ च्या तिघांना २१ दिवस विलगीकरणात ठेवलं होतं. पण यान समुद्रात उतरल्यावर दार तिथेच उघडलं होतं, त्यामुळे चंद्रावर जंतू असतेच तर ते केव्हाच पॅसिफिकला मिळाले असते. उलट्या दिशेची काळजी जास्त मनापासून घेतली जाते. आपले जंतू गुरू आणि शनीच्या समुद्र असलेल्या चंद्रांवर जाऊ नयेत म्हणून २००३ मध्ये गॅलिलिओ यान गुरूत आणि २०१७ मध्ये कॅसिनी शनीत बुडवलं.

संकेत आला तर उत्तर द्यायचं का? कोणी द्यायचं?

यावर शास्त्रज्ञांत सरळ दोन तट आहेत. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीतून सुमारे तीन मिनिटांचा, १,६७९ ठिपक्यांचा संदेश एम१३ या तारकागुच्छाकडे पाठवला. तो तिथे पोचायलाच सुमारे २५ हजार वर्षं लागतील, म्हणजे तो निरोपापेक्षा समारंभच जास्त. तरीसुद्धा ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी निषेध केला, की न विचारता आपला पत्ता का दिलात? २०१० मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी कोलंबसाची आठवण करून देऊन तीच भीती बोलून दाखवली. दुसरी बाजू म्हणते, आपल्या रडारच्या लहरी कित्येक वर्षांपासून बाहेर जात आहेत, आता गप्प बसून काय उपयोग?

मी राईल यांच्या बाजूने झुकतो. भीतीपोटी नव्हे. सगळ्यांच्या वतीने बोलायचा अधिकार एका दुर्बिणीला कुणी दिला, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

आपण मराठीतून काही पाठवलं आहे का?

होय! १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठी आहे. भारतीय संगीत म्हणून केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ ला गेल्या, व्हॉयेजर १ निघाल्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते. ते यान आता इतकं दूर आहे, की रेडिओ संदेशाला तिथे जायला जवळपास एक दिवस लागतो.

त्यांचं म्हणणं आपल्याला समजेल का?

मला शंका आहे. २४ मे २०२३ रोजी एक छान प्रयोग झाला. कलाकार डॅनिएला द पाउलिस यांच्या कल्पनेतून मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपीय यानाने एक मुद्दाम रचलेला 'परका' संदेश पृथ्वीकडे पाठवला आणि जगभरच्या हौशी लोकांना तो उलगडायला सांगितलं. आलेल्या लहरींतून संदेश वेगळा काढायलाच दहाएक दिवस गेले. त्याचा अर्थ अमेरिकेतल्या एका बाप-लेकीने लावला, पण त्याला वर्षभराहून जास्त काळ लागला. आत होती अमिनो आम्लांची चित्रं. पाठवणारा माणूस, सोडवणारा माणूस, दोघांचं गणित एक, शाळा एक, तरी ही गत.

सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. तेवढं लांब कशाला, आपल्याच दप्तरखान्यांत मोडीतले कागद रुमालांत बांधून पडले आहेत आणि ते सरसर वाचणारी माणसं शोधावी लागतात. तेव्हा पहिल्याच आठवड्यात भाषांतर हातात पडेल या भ्रमात कुणी राहू नये. 'कुणीतरी आहे' एवढंच कळेल आणि त्यावरच एक पिढी जाईल.

ते आक्रमण करतील का?

कशासाठी, हे आधी सांगा. पाणी? धूमकेतूंमध्ये आणि गुरू-शनीच्या चंद्रांवर बर्फाचे डोंगर आहेत. धातू? लघुग्रहांवर आहेत, आणि ते उचलताना पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाशी झगडावंही लागत नाही. आपल्याला गुलाम करायचं? जो ताऱ्यांमधलं अंतर पार करतो त्याला भारे वाहायला माणसं लागत नसणार. खायचं? आपली प्रथिनं त्यांना पचतील याची खात्री काय?

अंतराचा अंदाज घ्या. प्रॉक्झिमा सेंटॉरी सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किलोमीटर धावतं. त्या वेगाने तिथे पोचायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील.

पण आलेच तर आपलं सैन्य लढू शकेल का?

नाही. एक किलोचा धोंडा प्रकाशाच्या एक दशांश वेगाने आदळला तर हिरोशिमाच्या सात बॉम्बइतकी ऊर्जा निघते. एवढा वेग ज्याच्या हातात आहे त्याला वेगळ्या शस्त्राची गरजच नाही.

निदान मग तरी सगळे देश एकत्र येतील ना?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

रोनाल्ड रेगन यांचा यावर विश्वास होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये जिनिव्हात त्यांनी गोर्बाचेव्हना विचारलं, की अंतराळातून आमच्यावर हल्ला झाला तर तुम्ही मदत कराल का? गोर्बाचेव्ह म्हणाले, निःसंशय. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतही रेगन हेच बोलले, की बाहेरचा धोका आला तर आपले मतभेद किती झटकन मिटतील.

ऐकायला गोड आहे. पण बाहेरचा बलवान दारात आला तेव्हा माणसं खरोखर काय करत आली? १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोत उतरला तेव्हा त्याच्याकडे जेमतेम काहीशे माणसं होती. अ‍ॅझ्टेकांची राजधानी १५२१ मध्ये पडली ती त्याच्या बंदुकांइतकीच देवीच्या रोगाच्या साथीमुळे आणि त्लास्कालाच्या लोकांमुळे. अ‍ॅझ्टेकांशी जुनं वैर असलेले हे शेजारी हजारोंच्या संख्येने स्पॅनिशांच्या बाजूने लढले. त्यांच्या दृष्टीने ते चुकीचं नव्हतं. समोरचा शत्रू ओळखीचा होता, पाहुणा अनोळखी.

आपल्याला मेक्सिकोपर्यंत जायची गरज नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेला हरवलं. दुसरा बाजीराव पळून वसईला इंग्रजांच्या आसऱ्याला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. होळकरांचा काटा काढायला त्याला मदत हवी होती, ती मिळाली. सोळा वर्षांत पेशवाई संपली.

म्हणून मला जहाजांच्या ताफ्याची भीती वाटत नाही. मला भीती आहे ती वसईची. समजा संदेशात काही उपयोगी माहिती आहे, नवं इंधन म्हणा, नवं औषध म्हणा. आज मोठे देश चिप बनवायच्या यंत्रांसाठी एकमेकांची दारं बंद करतात. करोनाच्या लशी आल्या तेव्हा श्रीमंत देशांनी आधी स्वतःच्या गोदामात भरल्या. अशा जगात एखादा देश किंवा एखादा अब्जाधीश गुपचूप आपली स्वतंत्र बोलणी सुरू करणार नाही, असं कोण सांगेल? रेडिओ दुर्बिणीसारखी मोठी तबकडी आणि ताकदीचं प्रक्षेपण यंत्र असलं की झालं, परवाना कुणाचा लागत नाही. १९८९ च्या जाहीरनाम्यातलं 'सल्लामसलतीशिवाय उत्तर नको' हे कलम त्यासाठी मोलाचं आहे, आणि त्यालाच कायद्याचं बळ नाही.

बलवानाने दुर्बळाला सोडून दिलं असं कधी झालं आहे का?

झालं आहे, आणि ते भारतानेच केलं आहे. अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावरच्या लोकांच्या दृष्टीने परके आपणच. १९५६ च्या नियमावलीने त्यांना संरक्षण आहे. जानेवारी १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञांचं पथक नारळ घेऊन गेलं तेव्हा बेटावरचे लोक पहिल्यांदाच शस्त्र न उगारता पाण्यात आले आणि त्यांनी हातातून नारळ घेतले. त्या पथकात मधुमाला चट्टोपाध्याय होत्या. नंतर सरकारने अशा भेटी बंद केल्या, कारण आपला साधा सर्दी-ताप त्यांना मारू शकतो आणि त्यांनी कुणाला बोलावलेलं नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर विचारपूस करायला गेलं, तर खालून एकाने त्याच्यावर बाण रोखला. हेलिकॉप्टर परत फिरलं. आकाशातून कुणी आपल्याकडे बघत असलंच, तर त्यांच्या दप्तरी आपल्यासाठीही असाच काही ठराव झाला असेल, असं मला कधीकधी वाटतं.

देवाधर्माचं काय होईल?

फारसं काही नाही. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख होसे गाब्रिएल फ्युनेस यांनी २००८ मध्येच सांगितलं, की परग्रहावर जीव मानणं श्रद्धेच्या आड येत नाही. आपल्याकडे तर 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' असा गजर रोज होतो. कोट्यवधी ब्रह्मांडं मान्यच केली आहेत, तर त्यांतल्या एखाद्यात शेजारी निघाला म्हणून आरती थांबायचं कारण दिसत नाही. नवे बुवा मात्र निघतील, थेट संदेश आपल्यालाच येतो म्हणणारे. त्यांच्यासाठी अंनिसने तयारीत राहावं.

उडत्या तबकड्यांच्या इतक्या नोंदी आहेत, त्या सगळ्या खोट्या?

बघणारे खोटं बोलतात असं नाही. २०१२-१३ च्या हिवाळ्यात लडाखमध्ये सीमेवरच्या जवानांनी चीनच्या बाजूने येणारे तेजस्वी ठिपके कित्येकदा नोंदवले. हेरगिरीचे ड्रोन असावेत असा संशय होता. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी पाहून सांगितलं, की ते गुरू आणि शुक्र आहेत. विरळ स्वच्छ हवेत ते ओळखू येऊ नयेत इतके झगझगतात. नासाच्या समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या अहवालातही परग्रहाशी नातं सांगणारा पुरावा नाही असंच म्हटलं.

या सगळ्यात महाराष्ट्राला काही काम आहे का?

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गोविंद स्वरूप यांची कल्पना. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा क्षीण आवाज द्राक्षबागांच्या मधल्या या तबकड्यांनी ऐकला, आणि यान पृष्ठभागावर पोचण्याआधीच तो बंद पडलेलाही ऐकला. इतका बारीक कान असलेल्या दुर्बिणीकडे पडताळणीचा फोन कधीतरी येऊ शकतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली असते. मोबाइल बंद ठेवा, तिथे ते खरंच गरजेचं आहे.

आमच्या शेतात आकाशातून काही पडलं तर काय करायचं?

हात लावू नका. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. फोटो काढा, वेळ आणि कुठल्या दिशेने आलं ते लिहून ठेवा, पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला कळवा.

हे आपल्याकडे होऊन गेलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात माणसाहून मोठी धातूची कडी येऊन पडली. आसपासच्या शिवारांत गोळेही सापडले. गर्दी जमली, व्हिडिओ निघाले, पोलिसांनी ती कडी ठाण्यात नेऊन ठेवली आणि पुढे इस्रोची माणसं येऊन बघून गेली. तो चिनी रॉकेटचा टप्पा असावा असा निष्कर्ष निघाला. कुणी पळालं नाही, कुणी पूजा मांडून बसलं नाही, वस्तू योग्य ठिकाणी पोचली. व्हिएन्नात बसून यापेक्षा बरी पद्धत कुणी लिहिली असती असं मला वाटत नाही.

आणि रात्री चकाकत्या ठिपक्यांची एकामागे एक सरळ रांग गुपचूप जाताना दिसली, तर ते स्टारलिंकचे उपग्रह आहेत. त्यासाठी ठाण्यात जाऊ नका.